बाकी सर्व क्षेम

संगणकाने नाकारलेल्या नोंदींची यादी वाचायला मला आवडतं. स्वीकारलेल्या नोंदींत वाचण्यासारखं काही नसतं. त्या आल्या, रकान्यात बसल्या, संपलं. नाकारलेल्या नोंदीपाशी मात्र काहीतरी घडलेलं असतं. कुणीतरी, कधीतरी, काहीतरी सांगू पाहत होतं आणि यंत्राने त्यावर चारशे नंबरचा शिक्का मारून ते परत पाठवलं.

ज्या यंत्राबद्दल मी बोलतोय, त्याचा जन्म स्वयंपाकघराच्या आसपासच झाला. शे बॅनन नावाच्या एका प्रोग्रामरची बायको लंडनला पाककला शिकायला गेली. हा तिच्यामागोमाग गेला. हाताला काम नव्हतं, तेव्हा बायकोच्या पाककृती शोधून देणारा प्रोग्राम त्याने लिहायला घेतला. त्यातून आधी 'कंपास' निघालं आणि २०१० मध्ये 'इलॅस्टिकसर्च'. जगभरच्या शोधचौकटींच्या मागे आज हे यंत्र राबतं. बायकोला पाककृतींचा प्रोग्राम मात्र अजून मिळालेला नाही, असा विनोद त्याच मंडळींत चालतो. इलॅस्टिकसर्च ज्या पायावर उभं आहे तो 'ल्युसीन' हा डग कटिंगने लिहिलेला प्रोग्राम, आणि ल्युसीन हे त्याच्या बायकोचं मधलं नाव. शोधाशोधीच्या शास्त्राच्या मुळाशी दोन बायका असाव्यात, याचं "अगं, माझा चष्मा कुठंय?" असं रोज विचारणाऱ्या नवऱ्यांना नवल वाटायला नको.

तो पाककृतींचा प्रोग्राम अडला असेल तर मिठापाशी, असं मला उगीचच वाटतं. प्रमाणाच्या रकान्याला आकडा लागतो. आपल्या पाककृतींत मीठ 'चवीपुरतं', पाणी 'बेताचं', गूळ 'सुपारीएवढा' आणि कोथिंबीर 'असल्यास'. चारही नोंदी नापास. आणि आमटी तर याच चार नोंदींवर उभी असते.

आता हे नापास करण्याचं काम चालतं कसं? इलॅस्टिकसर्चसारख्या शोध-डेटाबेसमध्ये एकेक नोंद पाठवत बसलं तर दर नोंदीमागे जाण्यायेण्याचा वेळ लागतो. म्हणून गठ्ठे बांधतात. पायथॉनमधून पाठवलं तर, तुम्ही काही सांगितलं नाहीत तरी, पाचशे-पाचशेचा गठ्ठा बांधला जातो. गठ्ठ्यात एका ओळीत हुकूम, पुढच्या ओळीत नोंद, पुन्हा हुकूम, पुन्हा नोंद. अगदी शेवटच्या ओळीनंतरही एंटर दाबलेला असावा लागतो. तो राहिला तर आतलं कितीही चोख असो, सबंध गठ्ठा परत येतो.

गठ्ठ्यात एखादी वाईट नोंद निघाली तर काय करायचं, यावर डेटाबेसांचे स्वभाव कळतात. पैशांचे हिशेब ठेवणारे डेटाबेस कडक असतात. सगळं तरी होईल, नाहीतर काहीच नाही. ते बरोबरच आहे. एका खात्यातून गेलेले पैसे दुसऱ्यात पोचले नाहीत, असं बँकेत चालत नाही. शोध-डेटाबेसचा स्वभाव सैल. पाचशेतल्या चारशे सत्त्याण्णव आत, तीन बाहेर, ज्याचं त्याचं नशीब. 'सोलर' या दुसऱ्या शोधयंत्राची कित्येक वर्षं तिसरीच तऱ्हा होती. वाईट नोंद लागली की ते तिथेच बसकण मारायचं. आधीच्या नोंदी आत गेलेल्या, पुढच्या दारात उभ्या, आणि कोण कुठे आहे याचा पत्ता नाही. पुढे ६.१ या आवृत्तीत त्याला सहनशीलता शिकवण्यात आली. किती चुका पोटात घालायच्या तो आकडा सांगायचा. उणे एक सांगितलं की सहनशक्ती अमर्याद. उणे एक म्हणजे अमर्याद, हे गणित ज्याने बसवलं तो माणूस एकत्र कुटुंबात वाढलेला असणार.

इलॅस्टिकसर्चकडून गठ्ठ्याचं जे उत्तर येतं, ते मला फार आवडतं. त्याच्या माथ्यावर दोनशे हा आकडा असतो. संगणकांच्या पत्रव्यवहारात दोनशे म्हणजे सगळं ठीक. पूर्वी गावाकडून पोस्टकार्ड यायचं ना, तसं हे उत्तर असतं. वर 'येथील सर्व क्षेम', मग पाऊसपाणी, मग कोण आलं कोण गेलं, आणि जागा संपत आल्यावर कडेने उभ्या अक्षरांत 'ता. क. गोठा पडला. म्हैस बचावली.' इलॅस्टिकसर्चचं ता. क. म्हणजे 'एरर्स : ट्रू' एवढे दोन इवलाले शब्द. काम करायला किती वेळ लागला त्या आकड्याला चिकटून ते गुपचूप उभे असतात. वरचा दोनशे वाचून समाधानाने चहाला गेलेल्या प्रोग्रामांची संख्या मोठी असावी. दोनशे म्हणजे फक्त गठ्ठा पोचला. गठ्ठ्यातली मंडळी पोचली का, हे खाली एकेकीच्या नावापुढे असतं. दोनशे एक, आत घेतली. चारशे, नाकारली. चारशे एकोणतीस, आत्ता गर्दी आहे, जरा वेळाने या.

चारशे एकोणतीसवाल्यांना पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे. चारशेवाल्यांना कितीदाही पाठवा, उत्तर तेच. तरी पाठवणारे पाठवतात. एकच नोंद रात्रभर दर मिनिटाला नेमाने दार ठोठावतेय आणि दर मिनिटाला तेच उत्तर घेऊन परत येतेय, असे प्रोग्राम मी पाहिलेत. त्या चिकाटीला नोंदीत एक स्वल्पविराम बदलण्याची बुद्धी जोडली असती तर काम पहाटेच्या आत झालं असतं.

या नाकारलेल्यांशी माझी खरी ओळख झाली ती तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयात. शंभरी केव्हाच उलटलेली. कपाटं सागवानी, पुस्तकं पुठ्ठ्याच्या बांधणीची, आणि दाखल रजिस्टरं वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी भरलेली. शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, पुढे १९५० पर्यंतची दुसरी केली. ते काम अशा रजिस्टरांशिवाय आणि अशा कपाटांपुढे उभं राहिल्याशिवाय होणारं नव्हतं. आमचं काम त्यामानाने पोरखेळ. कॉलेजातल्या मुलांनी रजिस्टरं एक्सेलमध्ये उतरवली होती. ती शोधयंत्रात चढवायची, की वाचकाने चार अक्षरं टाकावीत आणि पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते कळावं.

रकाना कोणत्या प्रकारचा आहे हे आधी सांगितलं नसेल, तर इलॅस्टिकसर्च पहिल्या नोंदीकडे पाहून ठरवतं. पहिल्या पुस्तकाच्या पृष्ठांपुढे २१२ होतं. झालं, पृष्ठांचा रकाना आकड्यांचा. मग आलं '१६+२१२', कारण प्रस्तावनेची पानं वेगळी मोजायची आपल्या सूचीकारांची रीत. नामंजूर. 'पैकी ९७ ते ११२ नाहीत.' नामंजूर. 'मोजली नाहीत.' नामंजूर. गंमत अशी, की हे 'मोजली नाहीत'वालं पुस्तक रांगेत पहिलं असतं तर रकाना मजकुराचा झाला असता आणि सगळी मंडळी गोडीगुलाबीने आत गेली असती, २१२ सुद्धा. कोण आधी आलं यावर पुढच्या साऱ्यांचं बरंवाईट ठरणं, हा प्रकार आपल्याला तसा नवीन नाही.

'उपलब्ध' नावाचा रकाना होता. त्याला हो किंवा नाही, एवढंच चालतं. चूक सांगणारा संदेशही तसाच खडूस आहे, फक्त ट्रू किंवा फॉल्स चालेल, म्हणून. आमच्याकडून गेलं होतं, 'आहे, पण सापडत नाही.' आणखी एक, 'असावे.' आणखी एक, 'अध्यक्षांकडे', आणि कंसात '(माजी)'. ग्रंथालयात काम केलेल्या कुणालाही विचारा, पुस्तकाच्या अवस्था दोन नसतात. 'आहे, पण सापडत नाही' ही तर सगळ्यांत मोठी अवस्था.

किमतींची कथा त्याहून रंगतदार. जुन्या पुस्तकांच्या किमती रुपये-आणे-पै. एक रुपया चार आणे म्हणजे '१-४'. ते एक्सेलच्या चौकटीत टाइप केलं की एक्सेल हुशारीने त्याची तारीख करून टाकतं, १ एप्रिल. या हुशारीपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले आहेत. मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी काही मानवी जनुकांची नावं, एक्सेल त्यांच्या तारखा करतं म्हणून, २०२० मध्ये चक्क बदलावी लागली. तर आमचं सव्वा रुपयाचं पुस्तक १ एप्रिल होऊन शोधयंत्राच्या दारात गेलं आणि किमतीच्या रकान्याने त्याला हाकललं. आणे बंद होऊन नवे पैसे चालू झाले तो दिवसही १९५७ सालचा १ एप्रिलच. एक्सेलला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण योग जुळून आला खरा.

अशा वेळी काय करावं यावर जाणत्यांचे सल्ले असतात. एक म्हणजे 'बिघडलेलं असेल तर दुर्लक्ष कर' असं रकान्यालाच सांगून ठेवायचं. मग नोंद आत जाते, फक्त तो एक रकाना शोधातून गळतो, आणि कोणता गळला याची बारीक टीप नोंदीवर राहते. मूळ मजकूर पुसला जात नाही. नोंद उघडली तर तो दिसतो, पण त्यावरून शोधायला गेलं तर लागत नाही. म्हणजे आहे, पण सापडत नाही! यंत्राने नाकारलेली अवस्था यंत्राला स्वतःला मात्र चालते.

दुसरा सल्ला, प्रत्येक नोंदीला आपणच क्रमांक द्यावा. नाहीतर गठ्ठा अर्धवट गेल्यावर तो पुन्हा पाठवला, की आधी गेलेल्या नोंदी दुसऱ्यांदा आत जातात, यंत्र त्यांना नवे क्रमांक देतं आणि वाचनालयाची पुस्तकं कागदावर दुप्पट होतात. आमच्याकडे दाखल क्रमांक होताच. ग्रंथपालांनी ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधी शोधलेली आहे, पण त्यांनी तिला इंग्रजी नाव दिलं नाही, म्हणून तिची व्याख्यानं होत नाहीत.

या सल्ल्यांत एक गोष्ट सहसा नसते. नाकारलेल्या नोंदींची काळजी सगळे करतात. स्वीकारलेल्यांकडे कुणी बघत नाही. समजा, तारखेचा रकाना अमेरिकी पद्धतीचा ठेवला गेला, महिना आधी आणि दिवस नंतर. आपण लिहिणार दिवस आधी. मग तेरा तारखेपासून पुढच्या नोंदी नाकारल्या जातात, कारण तेरावा महिना नाही. आरडाओरड होते. पण एक ते बारा तारखांच्या नोंदी हसतमुखाने आत गेलेल्या असतात, पाच जुलै सात मे होऊन. हाकललेल्या तेवढ्या खऱ्या निघाल्या, म्हणून तरी चूक कळली.

आमच्या प्रकाशनवर्षांचं तेच. काही जुन्या पुस्तकांवर शके होते. 'शके १८४०' असं अक्षरांसकट लिहिलेलं यंत्राने बाहेर काढलं. पण घाईत 'शके' हा शब्द गाळून ज्याने नुसतं १८४० टाकलं, त्याची नोंद बिनबोभाट आत. वास्तविक ते १९१८ सालचं पुस्तक. त्यात आगगाडीच्या प्रवासाचं वर्णन, आणि आपल्याकडे पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली १८५३ मध्ये. आमच्या सूचीप्रमाणे लेखक तिच्यात तेरा वर्षं आधीच बसून आला होता. त्यातही काही मुलांनी देवनागरी अंक टाकलेले. पायथॉन देवनागरी अंक बिनतक्रार वाचतो, याचा मला आनंद झाला होता. तो जेसनपर्यंतच टिकला. जेसन, म्हणजे नोंदी ज्या लिपीशिस्तीत पाठवायच्या ती, आकडा म्हणून फक्त इंग्रजी अंक ओळखते.

आणि फॉन्ट! काही याद्या युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टांत टाइप केलेल्या. त्या फॉन्टाच्या चष्म्यातून पाहिलं तर सुबक मराठी, चष्मा काढला तर रोमन अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी. यंत्राने एकही नोंद नाकारली नाही. मजकुराचा रकाना, आलेला मजकूर, दोनशे एक. 'मोजली नाहीत' हे शुद्ध मराठी बाहेर आणि ही खिचडी सन्मानाने आत.

नाकारलेलं टाकून न देता बाजूला ठेवायची सोयही असते. 'लॉगस्टॅश' हा नोंदींची वाहतूक करणारा प्रोग्राम चारशे आणि चारशे चार शिक्क्याच्या नोंदी 'डेड लेटर क्यू'मध्ये ठेवतो. ही कल्पना टपालखात्याकडून उचललेली. अमेरिकेत १८२५ पासून पत्ता न लागलेल्या पत्रांचं वेगळं कार्यालय होतं. हर्मन मेलव्हिलच्या १८५३ मधल्या कथेतला बार्टलबी हा कारकून पूर्वी तिथेच कामाला असल्याची वदंता आहे, आणि त्याच्या खिन्नतेचं मूळ तिथे असावं असं लेखक सुचवतो. आपल्याकडच्या रिटर्न्ड लेटर ऑफिसातही पत्र उघडून आत धाडणाऱ्याचा पत्ता सापडतो का ते पाहतात.

वॉशिंग्टनमधल्या त्या अमेरिकी कार्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅटी लाइल कॉलिन्स नावाच्या बाई होत्या. चुकलेले, अर्धवट, ऐकीव पत्ते वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोणत्या गावात कोणत्या नावाचा रस्ता आहे, कोणत्या आडनावाची माणसं कुठे जास्त राहतात, हे त्यांच्या डोक्यात होतं. संगणकवाल्यांनी ते कार्यालय उचललं, कॉलिन्सबाईंना तिथेच ठेवलं. लॉगस्टॅशच्या त्या रांगेला मुळात १०२४ मेगाबाइटची मर्यादा असते. ती भरली की नंतर येणाऱ्या नोंदी सोडून दिल्या जातात. मेलेल्या पत्रांनासुद्धा जागा मिळायला वशिला लागावा, हे फारच झालं.

आमच्या वाचनालयात सुदैवाने कॉलिन्सबाई होत्या. म्हणजे ग्रंथपाल मॅडम. नाकारलेल्या नोंदींची यादी छापून मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी लाल पेन काढलं आणि ओळखीच्या माणसांची पत्रं वाचावीत तशी ती वाचायला लागल्या.

"हे काय म्हणतंय?"

"पृष्ठांच्या ठिकाणी 'मोजली नाहीत' लिहिलंय, मॅडम. आकडा हवा."

"मोजणार कशी? पानं चिकटलीत एकमेकांना."

"मग शून्य टाकू?"

"शून्य पानांचं पुस्तक असतं का हो?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे मुळात पृष्ठांत कुणी लिहिलं? रजिस्टरात हे शेऱ्यात आहे."

रजिस्टर उघडून पाहिलं. खरंच, अगदी उजवीकडे 'शेरा' नावाचा रकाना होता. तो अरुंद असल्यामुळे त्यातली अक्षरं मुंग्यांएवढी झालेली, पण भरलेला. एक्सेलचा तक्ता आखताना कुणीतरी तो गाळला होता. 'त्यात विशेष काही नसतं' असं ठरलं होतं म्हणे. उतरवणारी मुलं प्रामाणिक. लिहिलेलं वाया घालवायचं नाही म्हणून त्यांनी प्रत्येक शेरा जवळच्या रकान्यात कोंबला. पानांबद्दलचा पृष्ठांत, नसण्याबद्दलचा उपलब्धमध्ये. तीनेकशे नोंदींना आम्ही सदोष म्हणत होतो. दोष त्यांच्यात नव्हता, त्यांचा रकाना आम्ही काढून घेतला होता.

तो परत केला. शेरा, प्रकार मजकूर, वाटेल ते लिहा. 'आहे, पण सापडत नाही' तिथे गेलं, 'अध्यक्षांकडे (माजी)' तिथे गेलं. हे दुसरं मॅडमनी स्वतः वाचून घेतलं आणि अध्यक्षांना फोन लावला. पृष्ठांचा रकाना जिथे माहीत नाही तिथे रिकामा. गठ्ठे पुन्हा बांधले, पाठवले, आणि या खेपेला ता. क. आलं नाही.

शोध सुरू झाला तेव्हा एक कृषी पदविकेचा विद्यार्थी आला. त्याने टाइप केलं, 'वाळवी'. पडदाभर पुस्तकं आली. त्यात ऐतिहासिक कादंबऱ्या होत्या, एक काव्यसंग्रह होता, वैद्यकावरचा एक जाडजूड ग्रंथ होता, दिवाळी अंकांचे बांधीव खंड होते. तो गोंधळून म्हणाला, "सर, या कादंबरीत वाळवीबद्दल आहे?"

"कादंबरीत नाही," मॅडम म्हणाल्या, "कादंबरीला."

वाळवीच्या बंदोबस्तावरची पुस्तिकाही होती म्हणा, यादीच्या तळाशी. ती मॅडमनी कपाटातून काढून आणली, उघडली, आणि उघडीच माझ्यापुढे धरली. पानं ९ ते ४० नव्हती. उरलेल्यांना नकाशासारख्या वाटा पडलेल्या.

"हिचं 'उपलब्ध' काय टाकलंय तुम्ही?" त्यांनी विचारलं. "हो का नाही?"